शिवेवरचा माल

कातळवाडी, पो. किन्हवली, ता. शहापूर
२५ जून १९३८, शनिवार

ती. गोदूआकास विठूचा दंडवत.

तुझी चिमी इथे मजेत आहे, हे आधी लिहून टाकतो, नाहीतर पुढचे पत्र तू नीट वाचायची नाहीस. सकू म्हणते, तुमची भाची दोन भाकऱ्या खाते आणि तिसरीकडे बघते. तेव्हा काळजी नको.

दाजींची अट मी विसरलेलो नाही. चिमीची चौथी झाली, आता पुढच्या पुस्तकांना आणि दिव्याच्या तेलाला घरून काही मिळायचे नाही. तिचे तिने भागवले तर शिकू दे, नाहीतर दिवाळीला आणून सोड. ते बोलले आणि मी हो म्हणालो. तू तेव्हा माझ्याकडे असे बघितलेस, की हा मास्तर नुसता बोलघेवडा आहे. पण माझ्या डोक्यात एक होते. शाळेच्या पडवीत दर शनिवारी मी पोरांचा बाजार सुरू केला आहे. दुकानदार पोरे आणि गिऱ्हाईकही पोरेच. धाकलू बोरू तासून विकतो. बारकू हिरड्याची शाई करतो आणि निम्मी स्वतःच्या सदऱ्यावर सांडतो. कुणी भाजलेल्या आठळ्या आणतो, कुणी मोरपिसे. ज्याने त्याने कमवावे आणि त्यातून आपली पाटी-पुस्तके घ्यावीत. इन्स्पेक्टरसाहेब काय म्हणतील कोण जाणे, पण जी पोरे पावकीच्या पाढ्याला रडायची ती आता बोटे न मोजता हिशेब सांगतात.

चिमीकडे मात्र अजून माल नाही. तिने तुझ्या धाकटीला निरोप दिला आहे, की सोमे, चिंचोके जमवून ठेव, मी आले की घेऊन जाईन. दसऱ्याला सोमीला सहा पुरी होतात ना? चिमीने तिच्यासाठी वर्गात आपल्या शेजारी जागा धरून ठेवली आहे. गोणपाटाचा तुकडा टाकलाय, त्यावर कुणी बसले की भांडते. मी म्हटले, अगं, तीन महिने आहेत अजून. तर म्हणते, मामा, जागा आधीच धरावी लागते.

तू मात्र लिहीत जा. गुरांमागे फिरताना कातळावर कोळशाने तुला अक्षरे शिकवली, ती काय फुकट गेली?

तुझा,
विठू


उंबरशेत, ता. मुरबाड
१७ जुलै १९३८

चि. विठू,

हा कागद चिमीच्या हाती पडू देऊ नको. वाच नि चुलीत घाल.

आपली सोमी गेली. आज आठ दिस झाले.

मरी आलीय वाडीत. पयली शेजारल्या राघोची म्हातारी गेली, मग वरल्या आळीतली दोन माणसं, मग आपली. सकाळी उलट्या लागल्या नि दिस मावळायच्या आत गेली. काय बोलाय-सांगायला येळच नाय दिला तिनं. लावणी अर्धी पडलीय. तुझे दाजी बांधावर बसून राहतात.

मंगळवारी मरीआईचा गाडा काढला. तू लहानपणी बघितलायस, पण आता तू शहाणा झालास म्हणून पुन्हा लिवते. गेलेल्याच्या आवडीच्या वस्तू गाड्यावर ठेवायच्या नि बाईला सांगायचं, हे घे नि आमची शीव सोड. मी सोमीच्या हिरव्या बांगड्या ठेवल्या, फणी ठेवली, लाल मण्यांची माळ ठेवली, नि चिमीनं शिवून दिलेली चिंध्यांची भावली ठेवली. भावली ठेवताना माझा हात सुटत नव्हता, राघोच्या बायकोनं बोटं सोडवली. गाडा शिवेपल्याड नेऊन सोडला. आता पुढलं गाव तिथं आपलं काय ते ठेवील नि त्यांच्या शिवेपल्याड नेईल. असा तो गावोगाव जातो. मधे कुठं थांबता कामा नये, नि त्यावरच्या काडीला कोणी हात लावायचा नाय. लावला त्याच्या घरी मरी जाते.

तुला हे पटत नाय, मला ठाव हाय. नको पटू दे. माझं एकच ऐक. चिमीला काय सांगू नको. तिला कळलं तर ती नदी-वढा न बघता धावत येईल, नि इथलं पाणी कसं हाय ते मी बघतेय. मला आता एकच पोर हाय. ती तिथं जिती राहू दे, मग मोठी झाली की मला काय पण बोलू दे. तिनं इचारलं तर सांग, सोमी बरी हाय, चिंचोके जमवतेय.

आमच्या वाडीत गाडा सात शिवा ओलांडीपर्यंत गेलेल्याचं नाव तोंडी घेत नाय. कागदावर लिवायला कोणी आडवलं नाय, म्हणून लिवते. सोमी, सोमी, सोमी.

गोदू


कातळवाडी
३१ जुलै १९३८

ती. आका,

तुझे पत्र वाचून मी नदीकाठी जाऊन बसलो. सकूला सांगितले, तीही रडली. मे महिन्यात सोमी माझ्या खांद्यावरून उतरायला तयार नव्हती. काय लिहू?

चिमीला सांगितले नाही. तिने विचारले तेव्हा तू सांगितलेस तेच बोललो, चिंचोके जमवतेय म्हणून. पुढे दोन-तीनदा विचारले, दोन-तीनदा तेच. आता आठवडा झाला, ती सोमीचे नाव काढीत नाही. पोरांचे मन असेच असते आका, डोळ्याआड झाले की विसरतात. आपल्या पथ्यावरच पडले म्हणायचे. धंद्यात गढून गेली आहे.

धंदा मात्र असा चालला आहे, की तुला थोडे तरी बरे वाटावे म्हणून लिहितो. शनिवारच्या बाजारात तिच्याइतकी गर्दी कुणापुढे नसते. बांगड्या, मण्यांच्या माळा, एक चिमुकला आरसा, दोन फण्या. त्यातल्या एकीचे तीन दात पडलेले, पण तीही खपवली. कुणा कासारणीने विकायला दिल्यात म्हणते. पाचवीची सगळी पुस्तके येतील एवढे तिने मिळवले आहे. दाजींना आवर्जून सांग.

तुमच्या वाडीचा गाडा इथवर आला होता बहुधा. गावकरी पुढे ओढायला निघाले, तेव्हा मी आडवा उभा राहिलो. म्हटले, रोग पाण्यातून येतो, लाकडाच्या गाड्यातून नाही. विहिरीत औषध टाका, पाणी उकळून प्या, आणि हे ओझे पुढच्या गावाच्या गळ्यात बांधू नका. चक्क ऐकले माझे. गाडा शिवेवर करवंदीच्या जाळीत पडला आहे. तुला राग येईल, पण कुठेतरी हे थांबायला हवे.

एक लहानशी गोष्ट. चिमी दुकान मांडते तेव्हा वर्गातला तो गोणपाटाचा तुकडाही आणून शेजारी टाकते. काल धाकलूने तिच्याकडून माळ घेतली. मी विचारले, काय रे, केवढ्याला? तो म्हणाला, एका पैशाला. म्हटले, चिमी तर पाणी भरायला गेली होती, भाव कुणी सांगितला? तर म्हणतो, ती बारकी बसते ना तिच्याजवळ, तिने. पहिलीतले कुणी पोर असेल. मी जाऊन बघितले तर गोणपाट रिकामा होता.

तिकडचे पाणी कसे आहे ते कळव. मी येऊ का?

विठू


उंबरशेत
४ ऑगस्ट १९३८

विठू,

त्या फणीचे तीन दात सोमीनं चावून पाडले. दात येत होते तवा तिला काय पण चावायला लागायचं. तीन दात, एका टोकाचे. बघ जाऊन.

कासारीण कसली नि काय कसली. पोरगी गाड्यावरचा माल विकतेय तुझ्या शाळेत, नि तू उभा राहून बघतोयस. गाडा ओढायला लोक निघाले तर त्यांना आडवणारा तू कोण रे? दोन बुकं शिकलास म्हणून? मरीला मी माझ्या दारातून काढली, माझ्या पोरीच्या वस्तू देऊन काढली, नि तू तिला माझ्या दुसऱ्या पोरीच्या दारात बसवून ठेवलीस.

मी रडत नाय. मला रडायला येळ नाय. आता मी सांगते ते कर. ज्या-ज्या पोरींनी जे-जे घेतलं ते एकूणएक परत घे. त्यांचे पैसे त्यांना दे. सगळं गाड्यावर घाल नि गाडा शिवेपल्याड ने. कोण हात लावत नसंल तर तू लाव. चिमीला त्या करवंदीच्या जाळीकडं जाऊ देऊ नको. तिच्या अंगाला हात लावून बघ, कढत हाय का. नि तिला काय ठाव हाय, काय नाय, ते इचारू नको. इचारलंस तर तिला कळेल. फकस्त वस्तू काढून घे.

ती बारकी कोण, हे तू मला पुन्हा लिवू नको. मला ठाव हाय ती कोण.

आणि एक सांग. फणी हातात घेशील तवा तिच्यात केस अडकलाय का बघ. असला तर तेवढा काढून कागदात घालून पाठव. कोणाला सांगू नको.

गोदू


कातळवाडी
१२ ऑगस्ट १९३८

ती. आका,

तू म्हणालीस ते सगळे केले, पण उशिरा केले. तुझे पत्र येण्याआधीच गावात गवगवा झाला होता. एका बाईने आपल्या पोरीच्या हातातल्या बांगड्या ओळखल्या. तिने स्वतःच्या हाताने गाड्यावर ठेवलेल्या होत्या.

बाजार बंद पडला. लोकांनी घेतलेल्या वस्तू आणून शाळेच्या पडवीत टाकल्या. हातात कुणी दिल्या नाहीत, लांबून फेकल्या. बांगड्या फुटल्या. पहिलीतल्या दोन पोरांना जुलाब लागले होते. मी तालुक्याहून औषध आणून विहिरीत टाकले, घरोघर पाणी उकळायला लावले, आणि दोघेही उठले. पण लोक म्हणतात, औषधाने नव्हे, गाडा पुढे गेला म्हणून उठले. गाडा मीच ओढला. दुसरे कुणी शिवायला तयार नव्हते. रोग पाण्यातून येतो हे मी आजही म्हणतो. पण शिवेपलीकडे तो सोडून परत फिरलो तेव्हा वाटेत मी दोनदा कुणाला तरी म्हणालो, घरी जा बाळ. कुणाला ते मला माहीत नाही.

परवा चिमीला दोनदा ढाळ झाले. आका, मी सगळी विद्या विसरलो. दारावर लिंबू बांधले. सकूने तांदळाची पेज मीठ घालून थोडी-थोडी पाजली आणि मी उशाशी बसून राहिलो. काल तिला उतार पडला. आज ती उठून बसली आहे, अंगात ताप नाही. तुझी पोरगी जिवंत आहे. हे तीनदा वाच.

पण शाळेचे अवघड झाले आहे. लोक म्हणतात, गाड्यावरचे विकणारी पोर आमच्या पोरांत नको. तिला तिच्या गावी पाठवा, नाहीतर आम्ही आमची पोरे काढतो. मी अजून नाही म्हणतो आहे. किती दिवस म्हणता येईल ते सांगता येत नाही. दाजींचाही निरोप आला, पुरे झाली शाळा, आणून सोड.

आणि दुसरे. तू नको म्हणालीस तरी मी तिला विचारले. मला राहवले नाही. ती म्हणाली, मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. जेव्हा मी तिला चिंचोक्यांचे सांगत होतो तेव्हाही माहीत होते. ती ऐकून हसायची ना, ते माझ्या समाधानासाठी. अकरा वर्षांची पोर. तुझे पहिले पत्र मी चुलीत घातले नव्हते, ते तिला वाचून दाखवले. ती म्हणते, आता मी आईला लिहिते.

फणीत केस होता. सोबत पाठवला आहे.

विठू


कातळवाडी
२० ऑगस्ट १९३८

ती. आईस,

चिमीचा नमस्कार. मी बरी आहे. मामी मला भात देते.

मामा म्हणतो, लोकांना वाटतं मी पैशासाठी केलं. पैसे पाहिजेच होते. पण तसं नाही. मी जुलैत एका शनिवारी करवंदीच्या जाळीकडे पानं आणायला गेले होते, पत्रावळी लावून विकायला. तिथे गाडा होता. पाऊस पडत होता आणि वरती भावली होती. मी शिवलेली, म्हणून मला लगेच कळलं. तिच्या डोळ्याचं एक बटण मी बापाच्या सदऱ्याचं काढलेलं. मग बांगड्या बघितल्या. मग मला कळलं की तुम्ही सगळे मला का सांगत नाही. मी आले असते म्हणून. आले असतेच.

तिथे ती एकटी भिजत होती. मी म्हटलं, हिला शाळेत यायचं होतं ना. मग मी सगळं घेऊन आले. दुसऱ्यांच्या वस्तू पण आणल्या, त्यांचीही माणसं असतील. फुकट वाटल्या असत्या तर पोरींनी दोन दिवस घातल्या असत्या आणि टाकल्या असत्या. मामा वर्गात सांगतो, विकत घेतलेलं माणूस जपतो. म्हणून मी विकल्या. सोमीची फणी चौथीच्या पोरीने घेतली, माळ धाकलूने त्याच्या बहिणीसाठी, बांगड्या दोघींनी. मग मी वर्गात बसले की इकडे तिकडे सगळीकडे ती असायची. पाढे म्हणताना पण.

मामाने सगळं परत घेतलं. भावली मी दिली नाही. ती माझ्या दप्तरात आहे. मामाला माहीत नाही. तू लिहू नकोस त्याला.

मला आता वर्गात बसू देत नाहीत. मी पडवीत बसते आणि खिडकीतून ऐकते. मामा मोठ्याने शिकवतो, त्याचा घसा बसला आहे. बापाने निरोप पाठवला, तो मला कळला.

आई, मला एक विचारायचं आहे. तू मामाला लिहिलंस, सोमी दिवस मावळायच्या आत गेली, काही बोलायला वेळच नव्हता. पण ती शनिवारी माझ्याजवळ बसायची तेव्हा एकच विचारायची. दुसरं काहीच नाही. म्हणायची, तू आली का नाय? मी म्हणायची, मला कुणी सांगितलंच नाही गं. तरी पुन्हा तेच. आता पडवीत पण येते. भांडत नाही, नुसतं विचारते.

वेळ नव्हता तर ती असं का विचारते?

तुझी,
चिमी


उंबरशेत
२६ ऑगस्ट १९३८

चिमे,

तुझा कागद आला त्याला तीन दिस झाले. मी रोज लिवायला बसते नि उठते. आज उठणार नाय.

मी तुझ्या मामाला खोटं लिवलं. सोमी दिस मावळायच्या आत नाय गेली. ती दोन दिस होती. गुरवारी लागलं, शनवारी गेली. शुद्ध होती शेवटपर्यंत. घशाला कोरड पडायची तरी बोलायची. पयल्या दिशी ती म्हणाली, चिमीला बोलवा. राघो म्हणाला, मी जातो, सांजेपर्यंत घेऊन येतो. तुझा बाप पण म्हणाला, जाऊ दे त्याला. मीच नाय म्हटलं. एक जातेय ती जातेय, दुसरी मी या घरात पाऊल टाकू देणार नाय, असं मी बोलले. राघोनं उचललेली काठी परत कोपऱ्यात ठेवली.

मग ती दर घडीला इचारायची, चिमी आली का नाय? मी म्हणायची, निघालीय. नदीला पाणी हाय, म्हणून येळ लागतोय. ती म्हणायची, आता कुठं आली असंल? मी गावांची नावं घ्यायची. एकेक गाव पुढं आणत होते तुला. शनवारी दुपारी मी म्हटलं, शिवेवर आली बघ. तवा ती म्हणाली, मला दाराकडं तोंड करून निजव. मी निजवली. तशीच गेली.

चिमे, मी तुला वाचवायला हे केलं. पुन्हा येळ आली तर पुन्हा तेच करीन. पण केलं मी, तुझ्या मामानं नाय, बापानं नाय. ती तुला इचारते, ते चुकीच्या माणसाला इचारते. पुन्हा आली तर तिला सांग, मला आईनं बोलवलंच नाय, आईकडं जा. मी दार लावत नाय.

भावली ठेव. मी कोणाला लिवणार नाय.

तुझ्या बापाशी मी बोलले. तू तिथंच राहशील. येत्या शुक्रवारी मी निघते. येऊन त्या पडवीत तुझ्याजवळ बसते, नि ज्याला तुला काढायचं हाय त्यानं पयले मला काढावं. वर्गात घेईपर्यंत मी हलणार नाय. एवढं मी करते. बाकी तू माझ्याशी बोलायचं का नाय ते तू ठरव. नाय बोललीस तरी मी बसून राहीन.

तुझी आई
गोदू